कोविड निर्बंधांत (मे २०२१) जिल्ह्याबाहेर जायचं असेल तर: ई-पासच्या अर्जापासून परतीच्या प्रवासापर्यंत, क्रमाने

हा लेख मे २०२१ मधला आहे. तेव्हा कोविडच्या निर्बंधांत खासगी गाडीने जिल्ह्याबाहेर जायला पोलिसांची ऑनलाइन परवानगी, म्हणजे ई-पास, लागायचा. ते निर्बंध आणि तो पास आता नाहीत, खालच्या सूचना त्या वेळच्या आहेत. ई-पास नामंजूर झाला की बहुतेक जण तोच अर्ज, तीच कागदपत्रं जोडून पुन्हा भरतात. साहजिकच तो पुन्हा नामंजूर होतो. तिकडे गावाकडे वडील दवाखान्यात, इकडे मुलगा मोबाइलवर टोकन नंबर टाकून टाकून हैराण. खरं तर कारण योग्य असूनही पास अडतो तो बहुधा तीनच ठिकाणी: पोलीस घटक (म्हणजे आयुक्तालय किंवा जिल्हा पोलीस) चुकीचा निवडलेला असतो, कारण मोघम लिहिलेलं असतं किंवा जोडलेले कागद अर्जातल्या माहितीशी जुळत नाहीत. तुमचा अर्ज वाचणारा पोलीस कर्मचारी तुम्हाला ओळखत नाही, तुम्हाला फोन करून विचारायला त्याला सवड नाही. त्याला समोरच्या कागदांवरूनच ठरवायचं आहे. त्यामुळे अर्ज भरण्याआधीची तयारी हेच निम्म्याहून अधिक काम आहे, आणि या लेखातही तिलाच जास्त जागा दिली आहे.

इथली माहिती १२ मे २०२१ च्या आदेशापर्यंतची आहे. 'ब्रेक द चेन' या नावाचे राज्याचे कोविड निर्बंध तेव्हा १ जून २०२१ च्या सकाळी ७ वाजेपर्यंत लागू होते. शिवाय जिल्हाधिकारी आपापल्या जिल्ह्यात याहून कडक नियम लावू शकत होते. म्हणून निघण्याआधी जिथे जायचं त्या जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन करून खात्री करून घ्याच. नंबर १०७७ आहे, मात्र तो साधारणपणे तुम्ही असाल त्या जिल्ह्यात लागतो. दुसऱ्या जिल्ह्यासाठी तिथला एसटीडी कोड आधी लावा.

## टप्पा १: पास लागतो का, ते आधी ठरवा

पास न लागणारे लोकही पासासाठी अर्ज करतात आणि रांग वाढवतात.

शहरातल्या शहरात फिरायला ई-पास लागत नव्हता. किराणा, भाजी, दूध आणायला सकाळी ७ ते ११ या वेळेत घराजवळच्या दुकानात जायला पास नको होता. दवाखान्यात, लसीकरण केंद्रावर किंवा औषधं आणायला जातानाही नको होता. मात्र कारण खरं असावं आणि ते दाखवणारा कागद जवळ असावा: डॉक्टरांची चिठ्ठी, लसीच्या नोंदणीचा मेसेज, ओळखपत्र. मुंबईत एप्रिल २०२१ मध्ये गाड्यांवर लाल, हिरवे, पिवळे स्टिकर लावायची पद्धत आली आणि काही दिवसांतच बंदही झाली. काचेवर तो स्टिकर अजून असेल तर काढून टाका, त्याचा आता उपयोग नाही.

रेल्वे, विमान किंवा बसचं तिकीट हातात असेल तर त्या तिकिटावर घरापासून स्टेशनपर्यंत आणि उतरल्यावर स्टेशनपासून घरापर्यंत जाता यायचं. लांब पल्ल्याच्या रेल्वेत तेव्हा वेटिंगच्या तिकिटावर चढू देत नव्हते. कन्फर्म किंवा आरएसी असेल तरच निघा. एसटीने जायचं असेल तर आधी आगारात फोन करा, कारण फेऱ्या मोजक्या होत्या, आसनं निम्मी होती आणि उभ्याने प्रवास बंद होता. मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी बंदच होती. त्यातून सरकारी कर्मचारी, वैद्यकीय कर्मचारी आणि उपचारासाठी जाणारा रुग्ण किंवा दिव्यांग व्यक्ती व त्यांच्यासोबत एक जण, एवढ्यांनाच जाता यायचं.

खासगी गाडीने, म्हणजे स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने, जिल्ह्याबाहेर किंवा दुसऱ्या शहरात जायचं असेल तर ई-पास लागायचा. २२ एप्रिल २०२१ च्या रात्री ८ पासून अशा प्रवासाला आदेशाने मोजकीच कारणं ठेवली होती: अत्यावश्यक सेवा, वैद्यकीय आणीबाणी, अंत्यविधी, कुटुंबातल्या व्यक्तीचं गंभीर आजारपण. विनाकारण गेलात तर दंड १०,००० रुपये होता.

थांबा आणि विचारा: माझं कारण या चारांत बसतं का? घराची डागडुजी, आंबे आणणं, मुलांना सुट्टीत आजोळी सोडणं, शहरात कंटाळा आला म्हणून गावी जाणं, यांतलं काहीही बसत नाही. लग्नाचं नावही या कारणांत नव्हतं. लग्नालाच मुळात २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. कारण बसत नसेल तर आजारपणाचा खोटा दाखला जोडून अर्ज करू नका. गुन्हा दाखल होतो तो तुमच्यावर, आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरांवरही बालंट येतं.

## टप्पा २: कोण जाणार, ते पक्कं करा

ही गोष्ट अर्जाच्या आधी घरात बसून ठरवायची आहे. खासगी गाडीत चालक आणि आसनक्षमतेच्या निम्मे प्रवासी एवढीच परवानगी होती. पाच आसनांच्या गाडीत चालकासह तिघे, असं धरून चाला.

रुग्णाजवळ थांबायला दोघं पुरतात. "आम्हीही येतो, तेवढीच भेट होईल" म्हणणाऱ्या मावशी-काकांना नाही म्हणावं लागेल. जड जातं, पण कोविड वॉर्डात कुणालाच आत सोडत नव्हते आणि गावातल्या घरात चार जादा माणसांना वेगळं ठेवायला खोल्या नसतात. अंत्यविधीलाही २० माणसांची मर्यादा होती, आणि गावातलेच तेवढे असतात.

ज्यांच्या अंगात ताप आहे, घसा दुखतोय किंवा ज्यांच्या घरात गेल्या काही दिवसांत कुणी बाधित निघालं आहे, त्यांनी निघूच नये. गावात साठीपुढच्या माणसांच्या घरात उतरणार असाल तर आधी आरटीपीसीआर ही कोविडची चाचणी करून घ्या. प्रयोगशाळेच्या संकलन केंद्रावर तेव्हा सरकारी दर ५०० रुपये होता, घरी येऊन नमुना नेला तर ८००.

## टप्पा ३: कागद जमवा

फॉर्म उघडून मग कागद शोधायला लागलात की घाईत काहीतरी राहतं. आधी सगळे कागद टेबलावर काढा.

प्रत्येक प्रवाशाचं ओळखपत्र. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू. पत्ता मागच्या बाजूला असतो आणि तीच बाजू जोडायची राहते. आधारवर जुना पत्ता असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा सोबत द्या: वीजबिल, भाडेकरार, गॅसचं बिल.

गाडीचे कागद. आरसी, विमा, चालकाचा परवाना. अर्जात लिहिलेला गाडी क्रमांक आणि आरसीवरचा क्रमांक अक्षरन् अक्षर एक हवा. भाड्याची गाडी असेल तर गाडीवाल्याकडून क्रमांक आणि चालकाचं नाव आधीच मागून घ्या आणि "ऐनवेळी दुसरी गाडी पाठवू नका" असं निक्षून सांगा. पास त्या क्रमांकाच्या गाडीचा असतो. गाडी बदलली की पास गेला.

तब्येतीचं प्रमाणपत्र. प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला कोविडसदृश लक्षणं नसल्याचं नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. त्यावर तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक बघून घ्या. आरटीपीसीआरचा निगेटिव्ह अहवाल असेल तर तोही जोडा.

कारणाचा कागद. सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात. 'वडील आजारी आहेत' एवढं तुम्ही म्हणून चालत नाही, तिकडच्या दवाखान्याने तसं म्हणायला हवं. त्या काळात डॉक्टरांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यांच्या मागे पत्रासाठी लागू नका. दवाखान्याच्या स्वागतकक्षातून रुग्ण दाखल केल्याची स्लिप मिळते, तिचा फोटो नातेवाइकांकडून मागवा. तो मागवताना "पपांचा पेपर पाठव" असा मेसेज केला तर तिकडून रक्ताच्या तपासणीचा कागद येतो. नेमकं लिहा: "दवाखान्याचं नाव छापलेला असा कागद पाठव, ज्यावर पपांचं पूर्ण नाव, वय, दाखल केल्याची तारीख आणि शिक्का आहे. उजेडात, सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढ." रुग्ण घरीच असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर आजार आणि जवळ कुणी असण्याची गरज, या दोन ओळी पुरतात.

घरात कुणी गेलं असेल तर महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मृत्यू दाखल्याची वाट पाहू नका, त्याला दिवस लागतात. दवाखान्याने मृतदेह ताब्यात देताना दिलेला कागद चालतो. मृत्यू घरी झाला असेल तर तपासून खात्री केलेल्या डॉक्टरांची चिठ्ठी किंवा पोलीस पाटील, सरपंच यांचं सही-शिक्क्याचं पत्र मागवा.

नात्याचा पुरावा. हा कागद लागतो हेच अनेकांना माहीत नसतं, आणि त्याचा सर्वाधिक फटका लग्न झालेल्या मुलींना बसतो. मुलगी निघालेली असते वडिलांकडे. तिच्या आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, दवाखान्याच्या स्लिपवर माहेरचं आडनाव. कागद तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन माणसं एकमेकांची कुणीच नाहीत. म्हणून ताईंनो, शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र हे दोन्ही एकत्र जोडा. पहिल्यावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर जुनं आणि नवं नाव, अशी साखळी पुरी होते. माहेरच्या जुन्या रेशन कार्डात नाव असेल तर त्याचाही फोटो मागवून ठेवा. मामा-भाचे, आजी-नातू यांच्याबाबतीत अशीच अडचण येते. तिथे मधल्या माणसाचं, म्हणजे आईचं किंवा वडिलांचं, ओळखपत्र जोडलं की धागा जुळतो.

तपासा: सगळे कागद शेजारी-शेजारी ठेवून फक्त नावं वाचा. एकावर 'दत्तात्रय', दुसऱ्यावर 'दत्तू', तिसऱ्यावर 'डी. एस.' असं दिसलं तर दवाखान्यातून नाव दुरुस्त करून घेता आलं तर घ्या. नाही तर कारणाच्या रकान्यात "आधारवरील दत्तात्रय म्हणजेच दवाखान्याच्या नोंदीतील दत्तू" हे स्पष्ट लिहा.

## टप्पा ४: फाइल तयार करा

ई-पासचं संकेतस्थळ दोनच गोष्टी घ्यायचं: अर्जदाराचा एक फोटो, २०० केबीच्या आत, आणि सगळ्या कागदांची मिळून एकच फाइल, १ एमबीच्या आत. पाच कागदांच्या पाच फाइल्स जोडायची सोय नव्हती. लोक पहिला कागद, बहुतेक वेळा आधार, जोडून मोकळे होतात आणि कारणाचा कागद राहूनच जातो.

मोबाइलमध्ये कागद स्कॅन करायचं कुठलंही अॅप घ्या. सगळे कागद कृष्णधवल स्कॅन करा, रंगीत फोटोपेक्षा त्याचा आकार बराच कमी होतो आणि अक्षर ठळक दिसतं. दाखल्यावरचा शिक्का फिकट असेल तर तेवढंच पान रंगीत ठेवा. मग एकच पीडीएफ करा. पानांचा क्रम असा ठेवा: आधी कारणाचा कागद, मग नात्याचा पुरावा, मग ओळखपत्रं, त्यानंतर तब्येतीची प्रमाणपत्रं आणि शेवटी गाडीचे कागद. तपासणाऱ्याने फाइल उघडताच पहिल्या पानावर दवाखान्याची स्लिप दिसली पाहिजे.

सावधान: आकार १ एमबीत बसवण्याच्या नादात अक्षरं पुसट होतात. फाइल तयार झाली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवा आणि त्यांना पहिल्या पानावरचं रुग्णाचं नाव व तारीख वाचून दाखवायला सांगा. त्यांना वाचता आलं नाही तर पोलिसांनाही येणार नाही.

फोटोसाठी सेल्फी नको. पासपोर्ट फोटोचा फोटो काढून कडा कापा. आकार मोठा असेल तर घरातल्या कुणाला व्हॉट्सअॅपवर पाठवून तिथून परत उतरवून घ्या, बहुतेकदा तेवढ्यानेच तो २०० केबीच्या आत येतो.

## टप्पा ५: अर्ज भरा

संकेतस्थळ महाराष्ट्र पोलिसांचं होतं: कोविड१९ डॉट एमएचपोलीस डॉट इन. अर्ज करायला एक रुपयाही लागत नव्हता. "दोन हजारांत तासाभरात पास" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. असे पास जुन्या पासावर नाव बदलून केलेले असतात, नाक्यावर क्यूआर कोड स्कॅन झाला की उघडे पडतात, आणि अडकतो तो पास दाखवणारा.

पूर्ण अर्ज इंग्रजीतूनच भरायचा होता. नावांचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच ठेवा.

पोलीस घटक निवडणं. पहिलाच प्रश्न आणि इथेही खूप चुका होतात. तुम्ही *जिथून निघणार* तो घटक निवडायचा आहे, जिथे पोहोचणार तो नव्हे. आणि पोलिसांची हद्द जिल्ह्याच्या हद्दीप्रमाणे नसते. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, अंबरनाथ, बदलापूर ठाणे शहर आयुक्तालयात येतात, ठाणे ग्रामीणमध्ये नाही. पनवेल रायगड जिल्ह्यात असलं तरी अर्ज नवी मुंबईकडे करायचा. वसई, विरार, मीरा रोड, भाईंदर यांचं वेगळं आयुक्तालय झालं आहे. पुणेकरांना तर तीन पर्याय दिसतात: पुणे शहर, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण. हिंजवडी, वाकड, चाकण, तळेगाव पिंपरी-चिंचवडमध्ये मोडतात. खात्री नसेल तर आपलं पोलीस ठाणं कुठल्या आयुक्तालयात आहे ते ठाण्यात फोन करून विचारा. दोन मिनिटांचं काम आहे. चुकीच्या घटकाकडे गेलेला अर्ज तिथून योग्य ठिकाणी पाठवला जाईल या आशेवर राहू नका.

तारखा. सुरुवात आणि शेवट अशा दोन तारखा विचारतात. आज अर्ज करून आजचीच तारीख टाकली आणि मंजुरी उद्या आली, तर पास हातात येईपर्यंत मुदत सरलेली असते. अगदी तातडी नसेल तर सुरुवातीची तारीख उद्याची टाका. शेवटची तारीख कारणाला शोभेल अशी हवी. अंत्यविधीसाठी महिनाभराची मुदत मागितली तर प्रश्न पडणारच.

कारण. 'फॅमिली इमर्जन्सी' किंवा 'पर्सनल वर्क' लिहू नका. पर्याय निवडल्यावर खुलासा लिहायला जागा असते, तिथे एकच भरीव वाक्य लिहा. त्यात पाच गोष्टी आल्या पाहिजेत: कोण आजारी, तुमचं नातं काय, कुठल्या दवाखान्यात, कधीपासून, आणि तुम्हीच जाणं का गरजेचं. उदाहरणार्थ, "माझे वडील, वय ७१, सातारा येथील अमुक रुग्णालयात ११ मेपासून अतिदक्षता विभागात दाखल आहेत. आई ६८ वर्षांची असून एकटी आहे. त्यांच्यासोबत थांबण्यासाठी मी आणि माझी पत्नी जात आहोत." हे इंग्रजीत साध्या शब्दांत उतरवा. भावनिक विनवणी लिहू नका. ती लिहिण्यात जागा जाते आणि दवाखान्याचं नाव राहून जातं.

बाकीचे रकाने पटापट भरण्यासारखे आहेत: मोबाइल, ईमेल, गाडीचा प्रकार व क्रमांक, निघण्याचं आणि पोहोचण्याचं ठिकाण, सहप्रवाशांची संख्या. सहप्रवासी मोजताना स्वतःला त्यात धरू नका. पोहोचण्याच्या ठिकाणी नुसता जिल्हा न लिहिता गाव आणि तालुका लिहा. प्रतिबंधित क्षेत्रात (रुग्ण सापडल्याने सील केलेल्या भागात) राहता का, या प्रश्नाचं उत्तर खरंच द्या. सोसायटी सील असल्याची नोंद पोलीस ठाण्यात असते.

तपासा: 'सबमिट' दाबण्याआधी तीन गोष्टी मोठ्याने वाचा. गाडी क्रमांक, मोबाइल क्रमांक, तारीख.

## टप्पा ६: टोकन जपून ठेवा, आणि वाट पाहा

अर्ज गेला की टोकन आयडी दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि कागदावरही लिहून ठेवा. याच क्रमांकावर अर्जाची स्थिती कळते आणि पास उतरवून घेता येतो.

वाट पाहताना दुसरा, तिसरा अर्ज टाकू नका. एकाच माणसाचे चार अर्ज दिसले की शंका येते आणि रांगही लांबते. घरातल्या चौघांनी चार वेगळे अर्ज करणंही चूक आहे. एक गाडी, एक अर्ज.

नामंजूर झाला तर कारण दाखवलं आहे का ते पाहा आणि *ती एकच गोष्ट* सुधारून नवा अर्ज करा. कारण दिलेलं नसेल तर टप्पा ३ मधले नात्याचे आणि कारणाचे कागद पुन्हा तपासा, बहुधा तिथेच काहीतरी सुटलेलं असतं.

आणि थांबायला वेळच नसेल तर? कुणी गेलं असेल, दोन तासांत निघायचं असेल, घरात इंटरनेट वापरणारं कुणी नसेल, तर कागद घेऊन सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा. ज्यांना ऑनलाइन अर्ज जमत नाही त्यांना तिथे मदत करण्याच्या सूचना होत्या. एकट्याने जा, मास्क नीट लावून जा, मूळ कागद आणि प्रत्येकाची एक झेरॉक्स सोबत ठेवा. ठाणे अंमलदारापुढे पहिलं वाक्य कारणाचं बोला: "साहेब, आज पहाटे आई गेली, अंत्यविधीला जायचंय." बाकीचं नंतर.

## टप्पा ७: निघण्याच्या आदल्या रात्री

पास उतरवून घेतला की तो लगेच वाचा. नाव, गाडी क्रमांक, मुदत, क्यूआर कोड. चूक असेल तर आत्ता कळलेली बरी. एक प्रत छापून घ्या. घाटात मोबाइलची बॅटरी संपते, रेंज जाते, उन्हात पडदा दिसत नाही.

सगळे मूळ कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात, पास सर्वांत वर. हे पाकीट डिकीतल्या बॅगेत टाकू नका. पुढच्या सीटवर, हाताशी ठेवा.

रस्त्यात हॉटेलं फक्त पार्सल देत होती आणि तीही सगळीकडे उघडी नव्हती. घरून चपात्या, कोरडी भाजी, दशम्या, पाण्याच्या बाटल्या घ्या. बरोबर मधुमेहाचे रुग्ण असतील तर बिस्किटं आणि साखर वेगळी काढून ठेवा, नाक्यावर अर्धा तास सहज जातो. पेट्रोल शहरातूनच भरून निघा. मास्कचे जादा जोड, सॅनिटायझर आणि जवळच्या माणसाची चालू औषधं किमान पंधरा दिवसांची घ्या, कारण गावात तीच कंपनी मिळेल याची खात्री नाही.

राज्याची हद्द ओलांडत असाल तर हे वेगळं बघा. बाहेरून महाराष्ट्रात शिरताना ४८ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल लागायचा. गोव्यात जाताना १० मे २०२१ पासून ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल मागत होते. सावंतवाडी, दोडामार्गकडून उपचारासाठी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जाणाऱ्यांनी निघण्याआधी दवाखान्याशी बोलून घ्यावं. आणि चार-पाच दिवसांनी परत येताना जुना अहवाल चालत नाही, हे अनेकांना सीमेवर पोहोचल्यावर समजतं.

## टप्पा ८: नाक्यावर

मुंबईहून कोकणात जाताना रायगड संपून रत्नागिरी सुरू होते तिथे कशेडी घाटात आणि पुढे सिंधुदुर्गच्या तोंडावर खारेपाटणला गाड्या थांबवून तपासायचे. इतर महामार्गांवरही जिल्ह्याच्या हद्दीवर नाके होते. पास असला तरी थांबावं लागतंच, त्याचा वेळ हिशोबात धरा.

गाडी हळू करा, काच खाली घ्या, मास्क नाकावर आहे ना बघा. खाली उतरून गर्दीत जाऊ नका, पोलीस बोलावतील तेव्हाच उतरा. विचारल्यावर दोन वाक्यं पुरतात: "साहेब, वडील आयसीयूत आहेत, साताऱ्याला. हा पास, हा दवाखान्याचा कागद." बहुतेक वेळा एवढ्यावर सोडतात. गाडीतल्या तिघांनी तीन उत्तरं दिली की चौकशी लांबते. म्हणून एकानेच बोलावं. ताप मोजतील, नाव-मोबाइल लिहून घेतील, काही ठिकाणी अँटिजेन चाचणीही करतील. तिचा खर्च प्रवाशाने द्यायचा होता.

समोर उभा असलेला हवालदार उन्हात, पीपीई किटशिवाय, दिवसभर शेकडो अनोळखी माणसांच्या काचेशी वाकतो आहे. पाकीट त्याच्याकडे लांबून, हात पुरेल एवढ्या अंतराने द्या, आणि परत घेतल्यावर हात सॅनिटाइझ करा.

## टप्पा ९: पोहोचल्यावर

गावात शिरण्याआधी सरपंच, पोलीस पाटील किंवा ग्राम कृती दलातल्या कुणाला तरी फोन करा. लपून रात्री उशिरा पोहोचणं ही सर्वात वाईट सुरुवात. सकाळी गावभर होतं, आणि ज्यांच्या घरी उतरलात त्यांना ते ऐकावं लागतं. स्वतःहून कळवलं की आशाताई तपासायला येतात आणि विलगीकरणासाठी शाळेत राहायचं की घरी, हे आधीच ठरतं.

रेल्वे-बसने आलेल्यांच्या हातावर शिक्का मारून १४ दिवसांचं गृह विलगीकरण सांगितलं जायचं. स्वतःच्या गाडीने आलात आणि शिक्का नसला तरी तेच पाळा. वेगळी खोली, वेगळं ताट-तांब्या. घरात एकच संडास असेल तर वापरल्यावर खिडकी उघडी ठेवून, धुऊन, थोड्या वेळाने दुसऱ्यांनी जायचं. आई-आजीच्या पाया लांबूनच पडा. मिठी मारायची ओढ कितीही असली तरी हे चौदा दिवस ती आवरा.

रुग्णाकडे जाणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्याला रोज दवाखान्यात जावं लागतं. तिथे जाणारा माणूस *एकच* ठेवा आणि त्याची झोपायची जागा बाकीच्यांपासून वेगळी करा. ऑक्सिमीटर घरात असू द्या. ९४ च्या खाली आकडा गेला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. रुग्णवाहिकेसाठी १०८.

## टप्पा १०: परतीचा प्रवास

परतीची तारीख पासात बसत असेल, गाडी आणि माणसं तीच असतील, तर नवा अर्ज नको. मुदत संपली असेल किंवा माणसं बदलली असतील, तर नवा अर्ज करावा लागेल, आणि या वेळी घटक निवडायचा तो तुम्ही आत्ता *जिथे आहात* त्या जिल्ह्याचा. साताऱ्याहून ठाण्याला परतणाऱ्याने सातारा निवडायचं. सवयीने पुन्हा ठाणे शहर निवडलं की अर्ज अडलाच.

वडिलांना उपचारासाठी शहरात आणत असाल तर डिस्चार्जचा कागद आणि शहरातल्या रुग्णालयात बेड मिळाल्याचं पत्र किंवा मेसेज, दोन्ही जोडा. बेड पक्का नसताना रुग्णाला गाडीत घेऊन निघू नका. रुग्णाला ऑक्सिजन लागत असेल तर स्वतःच्या गाडीचा विचारच नको, रुग्णवाहिकाच बघा.

घरी आल्यावर सोसायटीच्या सचिवांना कळवा, पुन्हा १४ दिवस मोजा आणि या काळात किराणा दारात मागवा. घरपोच सेवा सकाळी ७ ते रात्री ८ सुरू असायची. पास, तिकिटं, चाचणीचे अहवाल लगेच फाडून टाकू नका. मागे राहिलेल्या कुणाची चाचणी पॉझिटिव्ह आली तर महापालिकेकडून संपर्काच्या चौकशीसाठी फोन यायचा, तेव्हा कोण, कुठे, कधी गेलं होतं हे या कागदांवरूनच नीट सांगता यायचं.